उघडझाप

आर्काशोंच्या धक्क्यावर पहाटे साडेपाचला
दुकासू बादली खाली ठेवतो.
तळाशी जाड घावनासारखी चपटी, डागाळलेली,
रागावलेली एक टॉर्पेडो मासळी.
इथले कोळी तिला नुसतं ‘थरथरी’ म्हणतात.
“हातमोजे घाल,” तो सांगतो. दर वेळी सांगतो.
अठरा वर्षं मी दर वेळी घालते.

एकदाच विसरले.
कोपरापर्यंतचा हात काही वेळ माझा नव्हताच.
दुकासू हसला नाही,
स्वतःची सिगारेट पेटवून माझ्या ओठांत दिली.
मला तेव्हा कुठे ठाऊक होतं
की तो झटका आणि हा धूर
एकाच घराण्यातली दारं ठोठावतात.

प्रयोगशाळेत लाबॉर्दबाई वाट बघत असतात.
त्यांना मासळी नको, तिच्या विजेच्या पिशव्या हव्यात.
मी कापते, वाटते, गाळते, बर्फात ठेवते.
हातांना तो वास रविवारीसुद्धा असतो.

पडद्यात पाच पाकळ्यांची दारं,
इतकी दाट की मध्ये सुई ठेवायला जागा नाही.
पाचांत दोघी जुळ्या.
दोघींच्याही हाती चिठ्ठी पडली
की मग सहसा मधली वाट मोकळी होते,
सोडियम आत घुसतो,
आणि डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी
कडी पुन्हा लागलेली असते.

त्यातलं एकच दार हवं असतं बाईंना.
मी काच तापवून ओढते,
केसाहून बारीक टोकाखाली पडद्याचा एक कण धरते
आणि श्वास रोखते; शेजारून ट्रक गेला तरी सगळं फुकट.
कागदावर पेन सरळ चालतं, चालतं,
मग धप्पकन खाली, एक चौकोनी पायरी,
मग वर.
उघडं, नाहीतर बंद.
“इतकं सरळ वागणारं माणूस
माझ्या सासरी एकही नव्हतं,” बाई म्हणतात.
क्वचित एखादी अर्धीच पायरी दिसते.
तिच्याभोवती त्या पेन्सिलीनं गोल करतात
आणि काही बोलत नाहीत.

तैवानहून कुपी येते, पट्टेरी मण्यारीच्या विषाची.
ते चिठ्ठीच्या जागेवर बसतं आणि उठत नाही.
आम्ही त्यावरून दारं मोजतो.

आणि चिठ्ठ्यांचा ढीगच ओतला तर?
मला वाटायचं, दार उघडंच राहील.
राहत नाही. हातात चिठ्ठी घट्ट धरून
ते मिटून जातं.
मी नोंदवहीत लिहिलं, ‘दमलं’.
बाईंनी खोडलं, वर लिहिलं, ‘प्रतिसाद नाही’.

मागच्या हिवाळ्यात सिदोनीची डावी पापणी उतरू लागली.
सिदोनी म्हणजे दुकासूची बायको;
बाजारात कालवं विकते, जिभेनं कुणाला हार जात नाही.
सकाळी ठीक असायची. दुपारी चार वाजता
पापणी अर्ध्यावर. रात्री घास चघळताना
जबडा हातानं धरायची.
बोर्दोचे डॉक्टर म्हणाले, तिचं रक्तच
तिच्या स्नायूंवरची दारं खातंय.

दुकासू प्रयोगशाळेच्या उंबऱ्यावर आला,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा. टोपी हातात.
“ही दारं... थरथरीत आहेत तीच का?”
“जवळजवळ तीच,” मी म्हणाले.
त्यानं पेनाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं.
पायऱ्या उतरत होत्या, चढत होत्या.
“मग किती मासळ्या लागतील?”

बाई चष्मा पुसत राहिल्या.
मी म्हणाले, तसं नसतं ते, दुकासू.
कसं असतं ते मात्र मला सांगता आलं नाही.

आज पहाटे सिदोनी धक्क्यावर त्याच्या शेजारी उभी होती,
दोन्ही डोळे टक्क उघडे, सकाळचे.
बादलीत दोन थरथऱ्या.
दुसरीचे पैसे त्यानं घेतले नाहीत.
हातमोज्यांचं सांगायला विसरला.

मी घातले.